रकाना सात : निरंक

"मातेच्या निधनानंतर सदर घरात कोणतीही व्यक्ती वास्तव्यास नव्हती, सबब अर्जदार बहिणीने राहत्या घराच्या नावाखाली मागितलेली करसवलत देता येत नाही."

करकचेरीच्या पत्रातले हे वाक्य तीन भावंडांतल्या मधलीने प्रथम वाचले ते केवळ सवयीने, व्याकरणासाठी. व्याकरणात खोट नव्हती. स्वल्पविराम योग्य जागी होता, आणि 'सबब' हा शब्द तर असा पाय रोवून उभा होता, की त्याच्या अलीकडच्या विधानाला पाय आहेत की नाहीत हे पाहण्याचे कोणाला सुचू नये. दुसऱ्यांदा तिने ते अर्थासाठी वाचले. तेव्हा समजले की गेली नऊ वर्षे आपण कुठेच नव्हतो.

जाडजूड ग्रंथांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करणे, कोणते नाव कोणत्या पानावर आले आहे ते हुडकून मांडणे, हा मधलीचा सव्वीस वर्षांचा व्यवसाय. उपेक्षितांच्या इतिहासावर सातशे पाने लिहिणारे विद्वान, ती सातशे पाने दोनदा टंकून देणाऱ्या पत्नीचे आभार 'घरच्या मंडळींचे सहकार्य' एवढ्यात कसे उरकतात, हे तिने पुष्कळदा पाहिले होते, आणि अशा मंडळींना सूचीत कोणत्या अक्षराखाली घालावे हा प्रश्न तिने प्रकाशकांना लेखी विचारलाही होता. उत्तर आले नव्हते. तेव्हा एखादे माणूस कागदावरून गळते कसे, यात ती तज्ज्ञच होती. फक्त आजवर गळलेली माणसे दुसऱ्यांची होती.

तिने विधानाचे मूळ शोधले. कचेरीचा कोणी माणूस घर पाहायला आला नव्हता, शेजारी चौकशी झाली नव्हती. पत्राने आपला आधार प्रामाणिकपणे नमूद केला होता : आई गेल्यावर अडीच महिन्यांनी वारसांच्या वतीने दाखल झालेला नोंदीचा अर्ज, रकाना सात, 'सध्या राहणाऱ्या व्यक्ती'. रकान्यात एकच शब्द होता. निरंक. अक्षर थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे. खालची सहीही त्याचीच. आणि अर्जाला जोडलेली घरातल्या सामानाची यादी, तीही त्याचीच.

ती यादी हाच या प्रकरणातला सर्वांत विनोदी मजकूर. दादाने विमा कंपनीत छत्तीस वर्षे आगीच्या नुकसानीची पाहणी केली होती. घराची राख झाली तरी तीत चमचे किती होते हे सांगणारा माणूस तो. शाबूत घरात त्याला मोकळे रान मिळाले असणार. एकशे चौदा नोंदी. नोंद एकतीस : फ्रिज, एक, चालू. नोंद बत्तीस : आत दूध, अंडी, अर्धे कलिंगड. नोंद सत्तेचाळीस : चिठ्ठ्यांचे लाकडी कपाट, खण बेचाळीस. नोंद अठ्ठेचाळीस : टेबल, दिव्यासह, त्यावर काम चालू. नोंद बासष्ट : टॉवेल, एक, ओला. रिकाम्या घरात कलिंगडे आपली आपण अर्धी होत नाहीत आणि टॉवेल आपले आपण ओले होत नाहीत, हे मान्य करायला कोणत्याही ग्रंथाचा आधार लागू नये. एकशे चौदा नोंदींपैकी किमान तीस नोंदी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. आणि त्या बोटाच्या टोकाशी, सातव्या रकान्यात, कोणी नव्हते.

या घराला माणसे गाळण्याची जुनी खोड होती म्हणा. मागच्या खोलीत एकतीस वर्षे टंकलेखनाचे वर्ग चालवून भावाच्या तीन मुलांची फी भरणारी आत्या, आजोबांच्या खरेदीखतापासून वडिलांच्या मृत्युपत्रापर्यंत एकाही कागदावर नव्हती. फरक इतकाच, की आत्याला कधी करसवलत मागावी लागली नाही.

मधलीला लागत होती. घर विकून चार महिने झाले होते. ती सध्या भाड्याच्या एका खोलीत राहत होती आणि तिथे बेचाळीस खण एकावर एक रचल्यामुळे खिडकी उघडत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर तिने ठरवले होते. शेवटचा हप्ता महिनाअखेरीस द्यायचा होता. सवलत मिळाली तर तो सहज देता येत होता. नाही मिळाली तर तिच्या वाट्यातला जवळजवळ चौथा हिस्सा कचेरीत जाणार होता, आणि ते घर दुसऱ्या कोणाला.

रविवारी सकाळी अकरा वाजता दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती बैठक बसली. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला करसल्लागार बाई; मध्ये समोरासमोर मधली आणि धाकटा. वहिनी बाजूला इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि या भानगडीशी आपला संबंध नाही असे त्यांच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेले होते.

सल्लागार बाईंनी चपला टेबलाखाली काढून ठेवल्या. "मी तुम्हा तिघांची सल्लागार आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तिघांनाही सारखंच वाईट वाटेल असं बोलणार. आई गेल्या त्या दिवशी घराची जी किंमत होती आणि आता विकून जी आली, त्यातला फरक म्हणजे नफा. नफ्यावर कर. तुम्हा दोघा भावांची त्यातून सुटका नाही. ह्यांचं वेगळं. ज्या वारसाचं ते एकमेव राहतं घर होतं, त्याच्या वाट्याला कर नाही. कायदा इतका सोपा क्वचितच असतो, म्हणून कचेरीला तो पटत नाही."

"मग अडलं कुठे? रकान्यात ना? रकाना दुरुस्त करायचा. झालं," धाकटा म्हणाला. तो दंतवैद्य. लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना प्रश्न विचारण्यात अर्धे आयुष्य गेल्यामुळे उत्तरासाठी थांबण्याची त्याला सवयच नव्हती. "ताई तिथे राहायची हे जगाला ठाऊक आहे. दादा, तू एक ओळ लिहून दे."

"एक ओळ पुरणार नाही," सल्लागार बाई म्हणाल्या. "ज्याने अर्ज भरला त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. नोंद चुकीची आहे, आणि ती कशी झाली. मंगळवारी मुदत संपते. वकिली भाषा नको. वकिली भाषा दिसली की तिथले साहेब फाइल खाली ठेवतात आणि वरून दुसरी ठेवतात."

दादा टेबलावरचा चष्म्याचा डबा उघडून मिटत होता. "नऊ वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार?"

"कापड गोदामाच्या आगीत किती तागे वाचले ते तू परवा सांगत होतास," मधली म्हणाली. "बत्तीस वर्षांपूर्वीची आग आहे ती."

"ते तागे होते."

"हो. मी तागा असते तर बरं झालं असतं."

धाकटा फसकन हसला. दादा हसला नाही. चिडला की तो मधलीला पंडित म्हणे. "पंडित, उलटतपासणी घेऊ नकोस. कोणीतरी भरला असेल रकाना. तिथल्या कारकुनानं भरला असेल."

मधलीने पिशवीतून अर्जाची प्रत काढली आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे सरकवली. 'निरंक'मधल्या क-ची शेपटी दादा आयुष्यभर खाली ओढून डावीकडे वळवत आला होता. वाढदिवसाच्या प्रत्येक पाकिटावर ती सगळ्यांनी पाहिलेली होती. धाकट्याने मान वाकडी करून पाहिले आणि ओठांचा चंबू केला.

"कारकुनाचं अक्षर तुझ्यासारखं आहे," तो म्हणाला.

इथपर्यंत दोन भावंडे एका बाजूला होती. पण सल्लागार बाईंनी आपली पट्टी कागदावर आडवी ठेवली, आणि ही त्यांची वाईट बातमी सांगण्याची खूण होती.

"याला एक शेपूट आहे. रिकाम्या घराला घरपट्टी निम्मी असते. तुमच्या घराला नऊ वर्षं निम्मीच लागली. आता घर रिकामं नव्हतं असं लिहून दिलं, की राहिलेली निम्मी मागणार. तिघांकडून. व्याजासकट."

धाकट्याची खुर्ची मागे सरकली. फार नाही, चार बोटे.

"नाही, मी काय म्हणतो ताई," त्याचा आवाज रुग्णाला दात काढावा लागेल असे सांगतानाचा झाला, "आपण जरा सगळ्या बाजूंनी विचार करू. म्हणजे राहणं म्हणजे नक्की काय? मी बुधवारी फोन करायचो तेव्हा तू हमखास वाचनालयात असायचीस."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी माझा दवाखाना असतो. मी फोन कुठे करतो?"

"म्हणजे तू फोन केला नाहीस तर मी घरी नव्हते."

"तसं नाही गं. पण पुरावा म्हणून बघितलं तर…"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," मधली शांतपणे म्हणाली. "तुला हे रोज बघावं लागत असेल."

धाकटा ओशाळला, पण ओशाळून गप्प बसणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने दिशा बदलली. "बरं, मला एक सांग. घरपट्टी भरत कोण होतं?"

वहिनींच्या हातातली उशीची खोळ अर्धवट दुमडलेली राहिली.

"मी," मधली म्हणाली.

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"आणि ती अचानक निम्मी झालेली तुला दिसली नाही? तुला? तू माझ्या लग्नपत्रिकेतला अनुस्वार शोधून काढलास, दोनशे पत्रिका वाटून झाल्यावर."

"दिसली."

"मग?"

मधलीने चष्मा काढून पुसला. खोटे बोलणे तिला जमत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे तिला त्याचा तिटकारा होता. "मला वाटलं, आई गेली. घरात एक माणूस कमी झालं. म्हणून कमी केली असेल."

सगळ्यांत आधी सल्लागार बाई हसल्या, पट्टी तोंडापुढे धरून. मग धाकटा हसला, आणि मग, किती तरी दिवसांनी, दादाही. बिलाच्या मागच्या बाजूला, बाईंनी हसू आवरत सांगितले, वर्ग छापलेला असतो. मधलीने नऊ वर्षांची बिले तारखेनुसार लावून ठेवली होती, ती पिशवीतच होती. तिने एक काढून उलटे केले. वर्ग : रिकामे. दुसरे उलटे केले. रिकामे. परक्यांच्या ग्रंथांतल्या तळटिपा भिंग लावून तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या घराचे बिल कधी उलटून पाहिले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे वडील म्हणत. आणि म्हणताना नेहमी तिच्याकडे पाहत.

तिने बिले पुन्हा तारखेनुसार लावली आणि म्हणाली, "ही चूक माझी. घरपट्टीचा फरक व्याजासकट मी एकटी भरेन. तुम्हा दोघांना झळ लागणार नाही. माझा कर वाचला तर तेवढं मला परवडतं."

"असं असेल तर माझी काही हरकत नाही," धाकटा म्हणाला आणि खुर्ची चार बोटे पुढे घेतली. "ताई तिथे राहायची. मी शपथेवर सांगेन. बुधवारीसुद्धा."

राहिला दादा. हसू ओसरल्यावर त्याचा चेहरा पूर्वीपेक्षा म्हातारा दिसत होता.

"आता लिही," मधली म्हणाली. "मी सोपं करून देते. आई गेल्यावर तुला कळलं की रिकाम्या घराला पट्टी निम्मी. तिघांच्या खिशाचा विचार करून तू निरंक लिहिलंस. माझ्या पुढच्या सवलतीचा विचार तुला तेव्हा सुचला नाही. मी रागावलेय, पण मला ते समजतं. घरात एक हिशेबी माणूस लागतोच."

दादा टेबलक्लॉथच्या चौकटीकडे पाहत राहिला. निळ्या रेषा एकेक करून पाहाव्यात तसा. मग म्हणाला, "हो."

"हो काय?"

"तसंच. सवलतीसाठी लिहिलं."

मधलीला जे वाटले ते समाधान होते, हे तिने स्वतःशी नाकारले नाही. सहा आठवडे तिने याच निष्कर्षाची बांधणी केली होती. भाऊ लबाड निघाला, ठीक. लबाडीत एक प्रकारचा हिशेब असतो, आणि हिशेबात समोरचा माणूस धरावा लागतो. ज्याला लपवायचे, त्याला आधी पाहावे तर लागते. नऊ वर्षे कोणी आपल्याला कागदामागे दडवून ठेवले असेल, तर निदान दडवण्याजोगे काही होते.

"मग हे मी नेणार नाही," सल्लागार बाई म्हणाल्या.

"का?"

"जाणूनबुजून खोटी माहिती दिली, असं यांनी लिहून दिलं की दंड आला, यांच्यावर खटला आला, आणि तो निकाली निघेपर्यंत तुमची सवलत खुंटीला टांगलेली. तोवर तुमचं नवं घर थांबतंय का?" त्यांनी पायाने चपला चाचपल्या. "चूक असेल तर चूक लिहा, मी आनंदानं नेते. लबाडी असेल तर मी चपला घालते."

"चूक लिहितो मग," दादा म्हणाला.

"कशी झाली तेही लिहावं लागेल. साहेब विचारणार. घरात चालू फ्रिज मोजला, ओला टॉवेल मोजला आणि माणूस नाही मोजलं, हे कसं? याला उत्तर हवं."

"उत्तर नाही माझ्याकडे. मघाशी सांगितलं तेच. सवलतीसाठी."

"खोटं बोलताय तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

सगळे वळले. वहिनींनी चादरीची दोन टोके हनुवटीखाली धरली होती आणि त्या भिंतीकडेच पाहून बोलत होत्या. "पट्टीत सवलत असते हे तुम्हाला कळलं अर्जानंतर तीन वर्षांनी. समोरच्यांनी घराला कुलूप लावलं तेव्हा. मलाच येऊन सांगितलंत, बघ, असंही असतं म्हणून."

"तू यात पडू नकोस."

"नाही पडत. चाळीस वर्षं नाही पडले. पण आता घड्या संपल्या." त्यांनी चादर ठेवली. "वन्संना खरं काय ते सांगा."

"तिला चोर म्हणायचंय ना मला? म्हणू दे. माझी तयारी आहे."

"चोरी तुम्हाला जमत नाही. दुकानदारानं चार रुपये जास्त दिले तर तुम्ही रिक्षा करून परत द्यायला जाता."

मधली दादाकडे पाहत होती. तिच्या निष्कर्षाची एक वीट हलली होती, आणि तिला ते आवडले नव्हते. "दादा," ती म्हणाली, "पैशासाठी नाही, तर मग कशासाठी? माझ्यावर राग होता का तुझा? आईनं शेवटी माझ्याकडेच किल्ल्या दिल्या म्हणून?"

"राग कशाला असेल तुझ्यावर," दादा म्हणाला, अगदी प्रामाणिक आश्चर्याने.

"तोंडानं नाही सांगता येत, तर कागदावर सांगा," वहिनी म्हणाल्या. "तुमचं कामच होतं ते. झालं कसं, ते लिहायचं."

त्यांनी आतून कोरे कागद, पेन्सिल आणि पेन आणून त्याच्यासमोर ठेवले. दादा कोणताही अहवाल आधी पेन्सिलीने लिहीत असे आणि मग त्यावरून शाई फिरवीत असे. जळलेल्या घरात माणसे रडत असतात, त्या आवाजात पहिल्यांदा लिहिलेले बरोबर येत नाही, असे तो म्हणे. त्याने लिहायला घेतले. धाकट्याने फळांच्या वाडग्यातले एक संत्रे सोलले आणि सल्लागार बाईंना त्यांच्या हिरड्यांविषयी चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. बाईंनी त्याच्या मागच्या वर्षीच्या विवरणपत्राविषयी चार सांगितल्या. दोघेही मग संत्रे खात बसले. दोनदा दादाने खोडरबर मागितले. एकदा तो उठून खिडकीपाशी गेला, परत आला, आणि लिहिलेल्या ओळींखाली आणखी तीन वाढवल्या. मग शाई.

कागद त्याने मधलीला दिला नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सल्लागार बाईंकडे सरकवला. बाईंनी तो वाचला. त्यांनी पट्टी उचलून पिशवीत ठेवली, ती काही आखायला घेतलीच नाही.

"चालेल," त्या म्हणाल्या. आवाज मघाचा नव्हता. "हे साहेब मान्य करतील. तुम्हाला सवलत मिळेल, ताई. फक्त अर्जदारानं वाचल्याची सही लागते. खाली, डावीकडे."

"वाच," दादा म्हणाला. तो टेबलावरून उठला होता आणि दाराकडे पाठ करून पाण्याचा पेला शोधत होता, जो त्याच्या हातातच होता. "पण शुद्धलेखन सुधारू नकोस."

मधलीने चष्मा लावला आणि पेनचे टोपण काढले. वहिनी येऊन तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. कागदावर लिहिले होते :

"सदर अर्जातील सातवा रकाना मी स्वतः भरला. तो चुकीचा आहे. घरपट्टीत सवलत मिळते हे मला तेव्हा माहीत नव्हते. माझी बहीण त्या घरात जन्मापासून राहत होती व घर विकेपर्यंत राहिली. अर्जात राहणाऱ्या व्यक्ती विचारल्या होत्या. आई गेली होती, म्हणून आता घरात कोणी नाही असे मला वाटले. बहिणीला मोजायचे असते हे माझ्या मनात आले नाही. आठ दिवसांनी पत्नीने विचारले तेव्हा लक्षात आले, पण अर्ज परत मागवायची लाज वाटली. अर्ज मी त्याच घरात, बहिणीच्या टेबलाशी बसून भरला. ती समोरच काम करत होती. दुपारी तिने मला जेवायला वाढले. जेवण झाल्यावर मी सही केली."